रिकामा रकाना आणि पर्यायी मूल्य: एसक्यूएलच्या इतिहासातील एक प्रकरण

माहितीच्या कोणत्याही साठ्यात काही नोंदी अपुऱ्या राहतात, आणि अपुऱ्या नोंदीच्या जागी काय धरायचे हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी नोंदवह्या राखणाऱ्यांपुढे उभा होता. संगणकावरील माहितीसाठ्यांत, म्हणजे डेटाबेसमध्ये, त्याला जे रूप आले ते असे, की एका तक्त्यात हवे ते मूल्य सापडले नाही तर दुसऱ्या तक्त्यातले घ्यावे, तिथेही नसेल तर तिसऱ्यातले, आणि कुठेच नसेल तर आधी ठरवलेले मूल्य मांडावे किंवा ते नाही असे स्पष्ट सांगावे. तक्त्यांतील माहिती विचारण्यासाठी आणि बदलण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल या भाषेत हे काम आज एका छोट्या वाक्यात होते. ते वाक्य प्रमाणभूत होईपर्यंत १९७० ते १९९२ अशी बावीस वर्षे गेली, आणि त्या काळात झालेले वाद केवळ लेखनपद्धतीचे नव्हते; माहितीचा अभाव हीदेखील एक माहिती मानावी का, आणि तो अभाव भरून काढण्याचा अधिकार नोंद ठेवणाऱ्याचा की प्रश्न विचारणाऱ्याचा, हे त्यांत ठरत होते.

विवेचनासाठी पावसाच्या नोंदींचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यांत शून्य आणि अभाव यांची गल्लत महागात पडते. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार करताना हा आकडा पुढे येतो. समजा, मंडळांची यादी एका तक्त्यात आहे, स्वयंचलित हवामान केंद्रांनी पाठवलेले आकडे दुसऱ्या तक्त्यात आहेत, आणि कर्मचाऱ्याने पर्जन्यमापक पाहून लिहिलेले आकडे तिसऱ्यात आहेत. एका मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा आला नाही तर कर्मचाऱ्याने लिहिलेला आकडा वापरता येईल. पण तोही नसेल तर शून्य लिहिणे म्हणजे पाऊस पडलाच नाही असे विधान करणे होते, शेजारच्या मंडळाचा आकडा घेणे म्हणजे अंदाज करणे होते, आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढे बेरीज व सरासरी करणाऱ्यासमोर नवीच अडचण उभी राहते. सांगण्यासारखे काही नसले तरी निरंक अहवाल पाठवण्याची जी रीत सरकारी कार्यालयांत रुळली आहे, तिच्यामागे हीच समज आहे, की काही घडले नाही हे कळवणे आणि काहीच न कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसच्या रचनेत हा फरक बसवायला मात्र बराच काळ लागला.

यांत्रिक गणनेच्या पहिल्या साधनाला, म्हणजे छिद्रपत्राला, हा फरक दाखवता येत होता. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी जी पत्रे वापरली, आणि आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या ८० रकान्यांच्या ज्या पत्रावर पुढची चार-पाच दशके जगाचे हिशेब चालले, त्यांत शून्यासाठीही छिद्र पाडावे लागे. छिद्रच नसलेला रकाना शून्याहून वेगळा दिसत असे. ही माहिती वाचणाऱ्या भाषांनी तो फरक पुसून टाकला. शास्त्रीय आकडेमोडीसाठी त्या काळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फोर्ट्रान भाषेत, १९६६ च्या प्रमाणानुसार, अंकांच्या रकान्यातील रिकाम्या जागा शून्य म्हणून वाचल्या जात. १९७७ च्या आवृत्तीने रिकाम्या जागा वगळण्याची सोय दिली, परंतु संपूर्ण रिकामा असलेला रकाना तेव्हाही शून्यच मानला गेला. पर्जन्यमापकाचा आकडा नोंदवायचा राहिला तर यंत्राच्या लेखी तो दिवस कोरडा ठरावा, ही या नियमाची थेट परिणती होती, आणि ती हिशेबात कुठेही चूक म्हणून उमटत नसे.

त्यावर उपाय म्हणून खुणेच्या आकड्यांची पद्धत रुळली. प्रत्यक्षात कधीच येऊ शकणार नाही असा एखादा आकडा निवडायचा आणि तो दिसला की नोंद नाही असे समजायचे, ही ती पद्धत. हवामानाच्या जुन्या-नव्या नोंदींत उणे ९९९९ हा आकडा याच कामी येतो, आणि तारखांच्या रकान्यांत सर्व नऊ भरण्याची सवय इतकी पसरली होती की ९ सप्टेंबर १९९९ ही तारीख जवळ आली तेव्हा जुन्या प्रणाली तिला खूण समजतील अशी भीती व्यक्त झाली होती. या पद्धतीत पर्यायी मूल्य माहितीच्याच आत जाऊन बसते, आणि तो निर्णय नोंद ठेवणाऱ्याने एकदाच, सर्वांसाठी केलेला असतो. ती टिकली याचे कारण तिची साधेपणाची सोय. तिचा धोका असा, की खुणेचा अर्थ यंत्राला ठाऊक नसतो, आणि ज्याला तो सांगितला गेला नाही त्याच्या सरासरीत उणे ९९९९ मिलिमीटर पाऊस मुकाट्याने मिसळतो.

एडगर कॉड यांच्या सिद्धान्ताने या प्रश्नाची भूमीच बदलली. इंग्लंडमधील डॉर्सेट येथे १९२३ साली जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेले कॉड पुढे आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे प्रयोगशाळेत काम करत होते, आणि जून १९७० मध्ये त्यांनी मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांसाठी संबंधाधिष्ठित, म्हणजे रिलेशनल, प्रारूप मांडले. तोपर्यंतच्या प्रणालींत, उदाहरणार्थ आयबीएमच्याच आयएमएसमध्ये, माहिती श्रेणीबद्ध झाडासारखी मांडलेली असे आणि हवी ती नोंद मिळवण्यासाठी तिच्यापर्यंत जाणारी वाट कार्यक्रम लिहिणाऱ्याला माहीत असावी लागे. कॉड यांनी माहितीचा केवळ तक्ता केला: प्रत्येक ओळ म्हणजे एक खरे विधान, आणि तक्त्यांवर गणिती क्रिया करून नवे तक्ते मिळवायचे. अमुक मंडळात अमुक दिवशी ४२ मिलिमीटर पाऊस झाला, हे असे एक विधान आहे. पण पाऊस किती झाला हे माहीत नसेल तर ते विधान अर्धवट राहते, आणि अर्धवट विधान खरे की खोटे हे ठरवता येत नाही. १९७० च्या त्या शोधनिबंधाने या अडचणीला हात घातला नव्हता.

ही अडचण किती गुंतागुंतीची आहे हे १९७५ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेच्या स्पार्क समितीच्या अभ्यासगटाने दाखवून दिले. मूल्य नसण्याचे १४ वेगवेगळे प्रकार त्यांच्या अंतरिम अहवालात नोंदवलेले आहेत. मूल्य आहे पण कळलेले नाही, मूल्य लागूच होत नाही, मूल्य सांगण्याची परवानगी नाही, मूल्य मोजले पण ते चुकीचे निघाले, अशा स्वरूपाचे हे भेद व्यवहारात रोज भेटतात. दरम्यान सॅन होजे येथेच कॉड यांच्या कल्पनांवर सिस्टम आर ही प्रायोगिक प्रणाली उभी राहत होती, आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली, जिचे नाव पुढे एसक्यूएल झाले. या भाषेने सर्व प्रकारच्या अभावांसाठी एकच खूण स्वीकारली, ती म्हणजे नल. नल हे मूल्य नाही; मूल्याच्या जागी ठेवलेली, इथे मूल्य नाही असे सांगणारी ती खूण आहे, आणि उणे ९९९९ पेक्षा तिचे वेगळेपण हे, की तिचा अर्थ खुद्द प्रणालीला ठाऊक असतो.

अर्थ ठाऊक असण्याची किंमत तर्कशास्त्रात मोजावी लागली. माहीत नसलेला पाऊस ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक होता का, या प्रश्नाला होय किंवा नाही यांपैकी कोणतेच उत्तर प्रामाणिक नाही, म्हणून एसक्यूएलने खरे आणि खोटे यांच्या जोडीला अज्ञात हे तिसरे सत्यमूल्य घेतले. असे त्रिमूल्य तर्कशास्त्र पोलिश तर्कज्ञ यान लुकासिएविच यांनी १९२० मध्ये मांडले होते, आणि एसक्यूएलमधील आणि, किंवा, नाही यांची कोष्टके अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९३८ मधील मांडणीशी जुळतात. निवडीच्या अटीवर ज्या ओळींचे उत्तर खरे येते त्याच ओळी निकालात येतात, अज्ञात ठरलेल्या ओळी गळतात. त्यामुळे ६५ पेक्षा अधिक पावसाची मंडळे आणि ६५ किंवा त्याहून कमी पावसाची मंडळे अशा दोन याद्या काढल्या, तर ज्या मंडळाचा आकडा नाही ते दोन्ही याद्यांतून नाहीसे होते, आणि दोन्ही याद्या जोडल्या तरी जिल्हा पूर्ण होत नाही. पर्यायी मूल्याची गरज इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भासते.

अनेक तक्त्यांतून मूल्य निवडण्याचा प्रश्न मात्र केवळ नल या खुणेने सुटत नाही, कारण अभाव दोन ठिकाणी असू शकतो. स्वयंचलित केंद्राची ओळ आलेली असते पण पावसाचा रकाना नल असतो, कारण केंद्र चालू असूनही पर्जन्यमापक बिघडलेला असतो. किंवा केंद्राची ओळच आलेली नसते. तक्ते जोडण्याची मूळ क्रिया, म्हणजे जॉइन, ज्या ओळींना दुसऱ्या तक्त्यात जोडीदार आहे त्याच निकालात ठेवते, म्हणून दुसऱ्या प्रकारात मंडळाचे नावच निकालातून जाते आणि मग पर्यायी मूल्य लावण्यासाठी ओळही उरत नाही. कॉड यांनी डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधात या दोन्ही गोष्टी एकत्र हाताळल्या आहेत, आणि या इतिहासात तो निबंध १९७० च्या निबंधाइतकाच महत्त्वाचा मानायला हवा. त्यांनी प्रारूपाची ही विस्तारित आवृत्ती प्रथम टास्मानियात मांडली होती, म्हणून तिला आरएम-टी असे नाव मिळाले. नल आणि त्रिमूल्य तर्कशास्त्र यांची चर्चा त्यात आहेच, शिवाय जोडीदार नसलेली ओळही निकालात ठेवून दुसऱ्या तक्त्याचे रकाने नल करणारी बाह्य जोडणी, म्हणजे आउटर जॉइन, तिथे मांडलेली आहे.

बाह्य जोडणीमुळे मंडळांची यादी डावीकडे ठेवून प्रत्येक स्रोताचा तक्ता तिला एकामागून एक जोडता येऊ लागला, आणि एकही मंडळ न गळता सर्व स्रोतांचे आकडे एका ओळीत शेजारी शेजारी येऊ लागले. पर्यायी मूल्य निवडण्याच्या आजच्या पद्धतीचा हा अर्धा भाग आहे. यात एक बारकावा मात्र दडलेला आहे: जोडणीनंतर ओळ नसल्याने आलेला नल आणि ओळीत मुळातच असलेला नल हे दिसायला सारखेच असतात. त्यांतला भेद कळण्याची वाट कॉड यांच्याच दुसऱ्या एका नियमातून मिळते, की तक्त्याची प्राथमिक किल्ली, म्हणजे ओळ ओळखणारा रकाना, कधीही नल असता कामा नये. जोडलेल्या तक्त्याची किल्ली नल दिसली तर ओळच आली नव्हती, आणि किल्ली आहे पण पाऊस नल आहे तर केंद्राने ओळ पाठवली पण आकडा दिला नाही, असा निष्कर्ष खात्रीने काढता येतो. केंद्र दुरुस्तीला माणूस पाठवायचा की संपर्कयंत्रणा तपासायची, हे या एका रकान्यावरून ठरू शकते, आणि तरीही प्रत्यक्षात लिहिल्या जाणाऱ्या फार थोड्या प्रश्नांत ही तपासणी आढळते.

सिद्धान्त असा पुढे गेला तरी बाजारात आलेल्या प्रणालींनी आपापल्या वाटा काढल्या. ओरॅकलची पहिली विक्रीयोग्य आवृत्ती १९७९ मध्ये आली. त्या प्रणालीत नलच्या जागी पर्याय देण्यासाठी एनव्हीएल हे फलन आहे, ज्यात पहिले मूल्य नल असेल तर दुसरे घेतले जाते. आयबीएमच्या डीबी-२ मध्ये हेच काम व्हॅल्यू या फलनाने होत असे, सायबेस आणि पुढे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये इझनल या फलनाने, मायएसक्यूएलमध्ये इफनल या फलनाने, तर ॲक्सेसमध्ये एनझेड नावाच्या फलनाने. बहुतेकांना दोनच मूल्ये घेता येत, त्यामुळे तीन-चार तक्त्यांची साखळी लावायची तर एका फलनाच्या पोटात दुसरे, त्याच्या पोटात तिसरे असे कंसांचे थर चढवावे लागत.

बाह्य जोडणीची स्थिती तर अधिकच गोंधळाची होती. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एसक्यूएलचे पहिले प्रमाण जाहीर झाले, त्यात बाह्य जोडणी नव्हती आणि नलला पर्याय देणारे फलनही नव्हते. ओरॅकलमध्ये अट लिहिताना ज्या तक्त्याची ओळ नसली तरी चालेल त्याच्या रकान्यापुढे कंसात अधिक चिन्ह द्यावे लागे. सायबेसमध्ये याउलट, ज्या तक्त्याच्या सर्व ओळी राखायच्या त्याच्या बाजूला बरोबर चिन्हालगत तारांकन द्यावे लागे. एका प्रणालीत खूण उणिवेच्या बाजूला आणि दुसरीत पूर्णतेच्या बाजूला, असा हा उलटा संकेत असल्याने एका प्रणालीवर हात बसलेल्याला दुसरीकडे तोच प्रश्न लिहिताना विचार मुळापासून फिरवावा लागे. त्याहून मोठा दोष असा, की जोडणीची अट आणि निवडीची अट एकाच यादीत लिहिली जाई, त्यामुळे एखादी अट जोडण्यापूर्वी लागू होते की जोडल्यानंतर, हे वाचणाऱ्याला नीट कळत नसे.

याच दशकात नल असावा की नसावा हा मूलभूत वाद पेटला. कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या नियतकालिकात खऱ्या रिलेशनल प्रणालीचे बारा नियम मांडले, आणि त्यांतील तिसरा नियम नलविषयी आहे: रिकाम्या अक्षरमालेहून, कोऱ्या जागांहून, शून्याहून आणि इतर कोणत्याही आकड्याहून वेगळी, कोणत्याही प्रकारच्या रकान्यात सारखीच वागणारी अशी अभावाची खूण प्रणालीत असली पाहिजे. ओरॅकलमध्ये आजही रिकामी अक्षरमाला नल मानली जाते, हे या नियमाच्या शब्दशः विरुद्ध आहे, आणि त्याचा व्यवहारातला परिणाम असा, की पत्त्याचा रकाना कोरा सोडला असेल तर ओरॅकलमध्ये पर्यायी मूल्य लागू होते, इतरत्र होत नाही. कॉड तिथेच थांबले नाहीत. १९८६ मध्ये त्यांनी लागू आहे पण अज्ञात आणि लागूच नाही अशा दोन खुणा सुचवल्या, आणि १९९० च्या ग्रंथात त्यासाठी चार सत्यमूल्यांचे तर्कशास्त्र मांडले. कोणत्याही प्रमुख विक्रेत्याने ते स्वीकारले नाही.

त्यांच्या विरोधात ठामपणे उभे राहिले ते ख्रिस्तोफर डेट, जे स्वतः आयबीएममध्ये काम केलेले, कॉड यांचे सहकारी आणि रिलेशनल प्रारूपाचे सर्वांत प्रभावी भाष्यकार होते. डेट यांचे म्हणणे असे होते, की त्रिमूल्य तर्कशास्त्राने दिलेली उत्तरे तर्कदृष्ट्या बरोबर आणि वास्तवात चुकीची असू शकतात, वर आलेल्या दोन याद्यांतून मंडळ गळणे हा त्याचाच नमुना, म्हणून अभावाच्या जागी त्या त्या रकान्यासाठी ठरवलेले विशेष मूल्य ठेवावे आणि नेहमीच्या द्विमूल्य तर्कशास्त्राने काम करावे. कॉड यांचा आक्षेप होता, की त्यामुळे प्रत्येक रकान्याची खूण वेगळी होईल, तिचा अर्थ पुन्हा माणसाच्या स्मरणावर सोडला जाईल आणि खोटे मूल्य खऱ्यासारखे वावरेल. १९९३ मध्ये दोघांचा हा वाद एका व्यावसायिक मासिकात समोरासमोर छापून आला, आणि १९९५ मध्ये डेट व ह्यू डार्वेन यांनी ‘तिसरा जाहीरनामा’ या नावाच्या आपल्या मांडणीत नलला संपूर्ण बंदी घातली. तर्कशुद्धतेत डेट यांची बाजू जड वाटते. तरी दैनंदिन कारभारात कॉड यांचे भय अधिक खरे ठरले आहे, कारण विशेष मूल्य ठरवणारा माणूस बदली होऊन जातो आणि त्याने योजलेली खूण आकडा म्हणून मागे उरते.

या वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता १९९२ च्या प्रमाणाने व्यवहारापुरता मार्ग घालून दिला. एसक्यूएल-९२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रमाणात डावी, उजवी आणि पूर्ण बाह्य जोडणी स्वतंत्र वाक्यरचनेने आल्या, जोडणीची अट निवडीच्या अटीपासून वेगळी लिहिली जाऊ लागली, आणि त्याच वेळी केस ही अटींनुसार मूल्य देणारी रचना व तिच्यावर आधारलेली दोन लघुरूपे, नलइफ आणि कोअलेस, दाखल झाली. कोअलेसला कितीही मूल्ये देता येतात आणि त्यांतले डावीकडून पहिले नल नसलेले मूल्य तो परत करतो. नलइफचे काम नेमके उलटे आहे: दोन मूल्ये समान असतील तर तो नल देतो. पावसाचा रकाना आणि उणे ९९९९ त्याला दिले की जुन्या काळची खूण नलमध्ये बदलते, आणि मग कोअलेस पुढच्या तक्त्याकडे वळतो. छिद्रपत्रांच्या काळातील माहिती नव्या पद्धतीत आणण्याचा पूल या दोन छोट्या फलनांनी बांधला, ही त्या प्रमाणाची फारशी न वाखाणली गेलेली कामगिरी आहे.

प्रमाण लिहिणाऱ्यांना स्वतःलाही कोअलेसची गरज पडली होती. दोन तक्ते समान नावाच्या रकान्यावर जोडून तो रकाना निकालात एकदाच दाखवायचा, अशी सोय त्यांनी दिली. पण पूर्ण बाह्य जोडणीत कधी डाव्या बाजूची ओळ नसते, कधी उजव्या, मग तो एकच रकाना कोणत्या तक्त्यातला धरायचा? प्रमाणाने त्याची व्याख्याच कोअलेसने केली: डावीकडील मूल्य, आणि ते नल असेल तर उजवीकडील. जोडणी आणि पर्यायी मूल्य या दोन कल्पना मुळात किती एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे या व्याख्येइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

व्याख्या केसवर आधारलेली असल्याचे परिणाम मात्र सर्वत्र सारखे उमटले नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोअलेसचे रूपांतर खरोखर केसमध्ये होते, त्यामुळे त्याच्या आत दुसरा प्रश्न, म्हणजे उपप्रश्न, लिहिला तर तो दोनदा चालू शकतो, एकदा नल आहे का हे पाहायला आणि एकदा मूल्य घ्यायला, आणि या दोन वेळांच्या मध्ये माहिती बदलली तर उत्तरही बदलू शकते. त्याच प्रणालीतील जुने इझनल पहिल्या मूल्याचा प्रकार आणि लांबी कायम ठेवते, म्हणून चार अक्षरांच्या रकान्यासाठी लांब पर्यायी मजकूर दिला तर त्याची पहिली चारच अक्षरे उरतात. ओरॅकलमध्ये एनव्हीएल दोन्ही मूल्ये काढून मगच निवड करते, तर कोअलेस पहिले मूल्य मिळताच थांबते. पण कोअलेस आणि प्रमाण जोडणी या दोन्ही गोष्टी ओरॅकलमध्ये २००१ च्या ९आय आवृत्तीत आल्या, म्हणजे प्रमाण जाहीर झाल्यानंतर नऊ वर्षांनी. मायएसक्यूएलमध्ये पूर्ण बाह्य जोडणी अजूनही नाही, आणि तिथे डावी व उजवी जोडणी करून त्यांचा संयोग घ्यावा लागतो.

फलन एकच असले तरी ते कुठे ठेवले यावर उत्तर ठरते. चार दिवसांचा पाऊस ३०, ५०, नल आणि ४० असेल तर एसक्यूएलची सरासरी नल वगळून तीन दिवसांची निघते, म्हणजे ४०. पण सरासरी काढण्याआधी कोअलेसने नलच्या जागी शून्य घातले तर तीच सरासरी ३० होते. पहिले उत्तर नोंद झालेल्या दिवसांविषयी आहे, दुसरे पाऊस न पडल्याच्या गृहीतकावर उभे आहे, आणि दोन्ही प्रश्नांत फरक फक्त एका शब्दाच्या जागेचा आहे. बेरजेच्या बाबतीत उलट अडचण येते: एकही ओळ न सापडल्यास बेरीज शून्य न येता नल येते, म्हणून तिथे कोअलेस बेरजेच्या बाहेर ठेवणे योग्य ठरते. तसेच, डावी बाह्य जोडणी केल्यानंतर उजव्या तक्त्यावरची अट, उदाहरणार्थ नोंद तपासलेली असावी ही अट, जोडणीच्या अटीत न लिहिता निवडीच्या अटीत लिहिली, तर नल असलेल्या ओळी अज्ञात ठरून गळतात आणि बाह्य जोडणी नकळत साध्या जोडणीत बदलते. पर्यायी मूल्य लिहिलेले असूनही ते कधीच लागू होत नाही, कारण ज्या ओळींसाठी ते लिहिले त्या निकालापर्यंत पोहोचतच नाहीत.

तक्त्यांचा क्रम ही यातली सर्वांत गंभीर बाब आहे. एखाद्या मंडळात स्वयंचलित केंद्राने ६४.५ मिलिमीटर नोंदवले आणि कर्मचाऱ्याने ६७ लिहिले, तर यांत काहीही रिकामे नाही. तरीही कोअलेसमध्ये स्वयंचलित तक्ता आधी लिहिला तर मंडळ अतिवृष्टीच्या बाहेर राहते आणि कर्मचाऱ्याचा तक्ता आधी लिहिला तर आत येते. कोणता स्रोत अधिक विश्वसनीय हा निर्णय अशा वेळी धोरणाच्या कागदावर नसतो, तो प्रश्नाच्या एका ओळीत दोन नावांच्या क्रमाने घेतला जातो, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला आपण असा निर्णय घेत आहोत याची जाणीव असेलच असे नाही.

कोअलेस रकान्यागणिक काम करतो, यातून आणखी एक दोष उद्भवतो. पाऊस, मोजणीची वेळ आणि उपकरणाचा क्रमांक असे तीन रकाने तीन स्वतंत्र कोअलेसने भरले, तर पाऊस कर्मचाऱ्याच्या तक्त्यातला आणि वेळ स्वयंचलित केंद्राची, अशी कुठेच न घडलेली मोजणी निकालात तयार होते. कॉड यांच्या भाषेत सांगायचे तर कोणीच न केलेले विधान खरे म्हणून तक्त्यात येते. यावरचा उपाय पुढच्या प्रमाणांनी शक्य केला. १९९९ च्या प्रमाणातील लॅटरल या रचनेने डावीकडील प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र उपप्रश्न चालवून त्यातली एकच ओळ जोडता येते, आणि २००३ च्या प्रमाणात आलेल्या खिडकी फलनांनी, म्हणजे निकालातील ओळींचे गट पाडून प्रत्येक गटात क्रमांक देणाऱ्या फलनांनी, रकान्याऐवजी संपूर्ण ओळ निवडता येते. सर्व स्रोतांच्या ओळी एकाखाली एक घ्यायच्या, प्रत्येकीला स्रोताचे नाव आणि प्राधान्यक्रम जोडायचा, पाऊस नल असलेल्या ओळी वगळायच्या, आणि प्रत्येक मंडळासाठी सर्वांत वरच्या प्राधान्याची ओळ उचलायची, अशी ही पद्धत आहे. प्राधान्यक्रम यात एका वेगळ्या तक्त्यातही ठेवता येतो, जिथे तो दिसतो, तपासता येतो आणि बदलल्याची नोंद राहते. शिवाय निवडलेल्या ओळीबरोबर तिच्या स्रोताचे नावही निकालात येते, ज्यासाठी कोअलेसच्या पद्धतीत त्याच क्रमाने दुसरी केस रचना लिहावी लागते आणि एकीतला क्रम बदलला की दुसरीतही तो आठवणीने बदलावा लागतो.